दारातली गाडी आणि दावणीचा बैल

आमच्याकडे अणदूरला पोरगं इंजिनिअर झालं की गाव त्याला दोनच प्रश्न विचारतं. पहिला, "पॅकेज किती?" दुसरा, "गाडी कधी?" लग्नाचा नंबर तिसरा, आणि तोही दुसऱ्याचं उत्तर समाधानकारक आलं तरच. मी पुण्यात आयटीत येऊन सहा वर्षं झाली. अजून रेल्वेनं सोलापूर आणि पुढे एस्टी असाच गावी जातो, त्यामुळे फाट्यावर उतरलो की कुणीतरी हटकतंच, "काय ओ इंजिनेर सायेब, अजून यष्टीच का?"

गावाचं मी मनावर घेत नाही. पण २०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या टीममधल्या दोन फ्रेशर पोरांनी (एक लातूरचा, एक बार्शीचा) लागोपाठ नव्या कोऱ्या गाड्या उचलल्या आणि तिसरा मला विचारायला आला, "दादा, मी पण घेऊन टाकू का?" कँटीनमध्ये चहा संपेपर्यंत हा विषय संपणं शक्य नव्हतं, म्हणून हा वीकेंड त्याच्या नावानं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना इथूनच सुरुवात करता येईल. कॉलेजातून बाहेर पडल्यावर पहिली पाच वर्षं तरी कर्ज काढून नवी गाडी घेऊ नये. बँक देत असली, बाजूचा घेत असला, गाव विचारत असलं, तरीही घेऊ नये.

आता हिशेब. आपण इंजिनिअर लोक, ऑफिसात दोन मिलिसेकंद वाचवायला दोन दिवस घालवतो, आणि आयुष्यातली पहिली मोठी खरेदी शोरूममधल्या एसीत बसून वीस मिनिटांत करतो. म्हणून जरा कागदावर मांडू.

शोरूम किंमत पावणेआठ लाख धरा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे इथेच ८५ हजार गेले. विमा, रजिस्ट्रेशन आणि बाकीचं किडूकमिडूक धरून गाडी ऑन-रोड नऊ लाखांना पडते. लाखभर आपले (म्हणजे बहुतेक वेळा वडिलांचे), आठ लाख बँकेचे. ९ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता येतो १२,८७१ रुपये. सात वर्षांत बँकेला जातात १० लाख ८१ हजार. म्हणजे पावणेआठ लाखांच्या वस्तूसाठी, आपला लाख धरून, पावणेबारा लाख मोजले. पेट्रोल अजून टाकलेलंच नाही.

आता दुसरी बाजू. विमा कंपन्या गाडीची किंमत दरवर्षी किती उतरवायची याचा ठरलेला तक्ता वापरतात. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. बाजारात भाव थोडा इकडे-तिकडे होतो, पण दिशा तीच. या हिशेबानं तीन वर्षं पूर्ण झाली की आपली पावणेआठ लाखांची गाडी ४ लाख ६५ हजारांची होते. आणि त्याच दिवशी बँकेचं देणं उरलेलं असतं ५ लाख १७ हजार. म्हणजे तीन वर्षं न चुकता हप्ते भरून, गाडी विकून टाकली तरी वर ५२ हजार आपल्यालाच घालावे लागतील! आता बोला.

पाच वर्षांचा सगळा खर्च काढू. किमतीतली घट पाच लाखांच्या वर, व्याज अडीच लाख, नंतरच्या चार वर्षांचा विमा साठ हजार, सर्व्हिसिंग पन्नास हजार. बेरीज पावणेनऊ लाखांच्या आसपास. दिवसाला भागलं तर ४८० रुपये. हे गाडी जागेवर उभी असतानाचे. चालवली तर पेट्रोल वेगळं.

हा आकडा माझ्या वडिलांना सांगितला तर ते एकच शब्द म्हणतील: भाकड. आमच्याकडे दावणीला बांधायचं जनावर घेताना त्याचे दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात, आणि सगळ्यात आधी विचार करतात की हे खाणार किती आणि देणार काय. बैल कडबा खातो, पण पेरणीला उभा राहतो. म्हैस पेंड खाते, पण सकाळ-संध्याकाळ चरवी भरते. ट्रॅक्टरचं कर्ज डोक्यावर असलं तरी तो दुसऱ्याच्या रानात जाऊन चार पैसे आणतो. चौथी शिकलेल्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. आणि आठ सेमिस्टर गणित शिकलेला त्याचा पोरगा वाकडच्या सोसायटीत रोज ४८० रुपयांचा चारा खाणारं जनावर बांधून ठेवतो, जे आठवड्यातले पाच दिवस कव्हर घालून झोपलेलं असतं. का? तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नेण्यापेक्षा कंपनीची बस बरी, हे त्यालाही आठवडाभरात कळलेलं असतं.

पगाराकडे येऊ. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय, हे काही गुपित नाही. हातात पडतात पंचवीस-सव्वीस हजार. त्यातला निम्मा हप्ता. राहिलेल्यात खोलीचं भाडं, मेस, मोबाइल, आणि घरी पाठवायचे. घरी पाठवायचे हा आयटम सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात आधी कापला जातो. तो मी मुद्दाम लक्षात आणून देतोय, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती. त्याच दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दसरा-दिवाळीला शोरूमपुढे रांगा लागल्या. "आत्ता नाही घेतली तर मूर्ख ठरशील" असे मेसेज आपल्या सगळ्यांना आले. आणि नेमक्या त्याच आठवड्यात धाराशिव जिल्ह्यात काय चाललं होतं? पाऊस थांबायला तयार नव्हता. नद्या रानात शिरल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कितीतरी ठिकाणी माती खरवडून गेली. एकाच देशात, एकाच आठवड्यात, एका घरातला बाप चिखलात उतरून शेंगांना कोंब फुटलेले बघतोय आणि पोरगा पुण्यात बसून गाडीचा रंग निवडतोय. पोरगा वाईट नाही हो. त्याला जीएसटीचा मेसेज दिसला, चिखल दिसला नाही, इतकंच.

त्याच्या हप्त्याची किंमत सोयाबीनमध्ये काढून बघा. वर्षाचे हप्ते १ लाख ५४ हजार. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे वर्षाला २९ क्विंटल, तेही हमीभाव मिळाला तर. आमच्याकडच्या कोरडवाहू रानात एकरी सात क्विंटल धरले तरी चार एकरांचं सगळं पीक. बी, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च त्यातून वजा न करता. बापाच्या चार एकरांचं सात वर्षांचं पीक हप्त्यात घालवतोय, हे कळलं तर किती जण सही करतील?

आणि सही कशावर करतो तेही बघा. कर्जाच्या गाडीच्या आरसीवर बँकेचं नाव चढतं. हायपोथिकेशन म्हणतात त्याला. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर बोजा. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांची उमेद सातबाऱ्यावरचा बोजा उतरवण्यात गेली. आपल्याला शिकवलं ते याच आशेवर की या पोराच्या नावावर तरी बोजा नको. आणि आपण नोकरी लागल्याच्या वर्षात हौसेनं बोजा चढवून घेतो, शोरूमवाल्यांनी दिलेली पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात धरून फोटो काढतो आणि वर पेढे वाटतो.

पण पैसा हा अर्धाच मुद्दा. माझा खरा आक्षेप हप्त्यानं माणसाचं जे होतं त्याला आहे.

बावीस ते अठ्ठावीस ही आपल्या धंद्यात "नाही" म्हणण्याची वर्षं असतात. प्रोजेक्ट सडका आहे, दुसरीकडे जातो. तीन महिने घरी बसतो, नवीन काहीतरी शिकतो. पगार कमी आहे पण काम चांगलं आहे, चला. मी स्वतः दुसऱ्या वर्षी रात्रपाळीचं सपोर्टचं काम सोडून कमी पगारावर एका छोट्या कंपनीत गेलो होतो, कारण तिथे खरं प्रोग्रॅमिंग करायला मिळणार होतं. आज जे काही येतं ते त्या दीड वर्षात शिकलेलं. माझ्यापेक्षा हुशार असलेला माझा रूममेट तेव्हा माझ्याबरोबर येणार होता. त्यानं ऑफर लेटर उघडलं, गाडीचा हप्ता वजा केला आणि लॅपटॉप बंद केला. तो अजून तिकीटंच बंद करतोय (सपोर्टची, एस्टीची नव्हे). हप्ता असलेला माणस मॅनेजरला ओळखू येतो, मंडळी. तो शनिवारी बोलावलं तर येतो. अप्रेझलमध्ये गप्प बसतो.

आणि नोकरीचं काय सांगावं? जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं. सरकारी नोकरीच्या खालोखाल जिची खात्री दिली जायची, ती कंपनी! नोकरी गेली तर खोली सोडता येते, मेस बंद करता येते, महिनाभर गावी जाऊन आईच्या हातची भाकरी खाता येते. हप्ता मात्र पाच तारखेला येतोच.

आता समोरच्यांचे मुद्दे. सगळेच काही फालतू नाहीत.

"म्हातारे आई-वडील आहेत, अडीअडचणीला दारात गाडी पाहिजे." हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात कमी तपासलेला मुद्दा. अहो, गाडी कुणाच्या दारात आहे? वाकडच्या. आई-वडील कुठे आहेत? तीनशे किलोमीटरवर अणदूरला. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत कळ आली तर ती गाडी बेसमेंटमध्ये कव्हर घालून झोपलेली असेल. तेव्हा येणार ती १०८ ची अँब्युलन्स, नाहीतर शेजारच्यांची जीप. आणि सोलापूरच्या दवाखान्यात काउंटरवर विचारतील ते डिपॉझिटचं. तुम्ही दोघांचा आरोग्य विमा काढलाय का? बँकेत दोन लाख पडून आहेत का? आई-वडिलांसाठी गाडी घेतली म्हणणाऱ्या किती जणांनी त्यांचा विमा आधी काढला, हे एकदा विचारून बघा. मी विचारलंय. उत्तर बहुतेक वेळा खोकला असतं.

"बाइकपेक्षा गाडी सुरक्षित." शंभर टक्के खरं. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली, त्यात जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणून पुणे-अणदूर बाइकवर जाऊच नका, हौस म्हणूनसुद्धा नाही. पण बाइकला पर्याय म्हणजे नवी गाडीच, हे कुणी ठरवलं? पुण्याहून सोलापूरला हुतात्मा आहे, पुढे एस्टी आहे. गाडीनं जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर, साडेतीन हजारांच्या वर पेट्रोल, शिवाय पाटसपासून फुलवाडीपर्यंत टोल. (१५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला म्हणून टोल हलका झाला, पण आपण पुणे-अणदूर वर्षातून किती वेळा करतो?) रेल्वे-एस्टीत त्याच्या चौथाईत काम होतं आणि झोपही होते.

मात्र एस्टीवाल्यांनी २०२१-२२ चा संप विसरू नये. साडेपाच महिने खेड्यापाड्यातली माणसं अडकली होती, काळी-पिवळीवाले मागतील ते द्यावं लागत होतं. तेव्हा ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांनी काय सोसलं ते मी पाहिलंय. एस्टी मोडकळीला येऊ देऊन घरोघरी कर्जाची गाडी उभी करायची, याला मी प्रगती म्हणणार नाही. पण हा मुद्दा सरकारशी भांडायचा आहे, तेवीस वर्षांच्या पोरानं तो ईएमआयनं सोडवायचा नाही.

"मुलीकडचे विचारतात." विचारतात, खरंच विचारतात. बायोडाटात गाडीचा कॉलम असल्यासारखं विचारतात. माझं साधं म्हणणं आहे: गाडी कर्जाची आहे की रोखीची, हे जे विचारत नाहीत त्यांना तुमचं काय होणार याच्याशी घेणं-देणं नाही. आणि जी मुलगी हे विचारेल, तिच्याशी ताबडतोब लग्न करा.

ज्यांचं कामच गाडीशिवाय होत नाही, ज्यांना रात्री-अपरात्री एकटीनं लांब जावं लागतं, ज्यांच्या घरात चालता न येणारं माणूस सोबत राहतं, त्यांच्याशी माझा वाद नाही. तिथे गाडी बैलासारखीच कामाला लागते.

बाकीच्यांना एक आठवण करून देतो. आमच्या अणदूरचा खंडोबा ठाऊक असेल. देव एक आणि मंदिरं दोन. सव्वादहा महिने तो अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. तिथे पौष पौर्णिमेची मोठी यात्रा भरते. देव न्यायचा-आणायचा तो दोन गावांत रीतसर लेखी करार करून. पालखी निघते, गाव निरोप देतं, पुन्हा वाजत-गाजत घेऊन येतं. देव दोन महिने दारात नाही म्हणून अणदूरकरांना कधी कमीपणा वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. जिथे देवाची वाटणी इतक्या समजूतदारपणे होते, तिथल्या पोराला वर्षातून सहा वेळा लागणारी गाडी बाराही महिने स्वतःच्याच दारात का हवी? तीन दिवसांची भाड्याची गाडी महागात महाग आठ हजारांना धरा. सहा वेळा घेतली तर अठ्ठेचाळीस हजार. स्वतःची गाडी वर्षाला पावणेदोन लाख खाते. उरले सव्वा लाख. दरवर्षी.

मग गाडी घ्यायचीच नाही का? घ्या की! पण क्रम लावा. आधी शिक्षणाचं कर्ज शून्य. मग आई-वडिलांचा विमा. मग सहा महिने नोकरी नसली तरी चालेल एवढे पैसे बँकेत. त्यानंतर गाडी, आणि तीही पहिली तीन-चार वर्षं दुसऱ्या कुणी वापरलेली. म्हणजे निम्मी घट त्यानं सोसली, आपण उरलेली गाडी घेतली. एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्याच्या अलीकडची बघा, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, सर्व्हिसचे कागद तपासा. बैल बघतो तशी बघा. अमेरिकेतले लोक एक आडाखा सांगतात: वीस टक्के रोख, चार वर्षांत फेड, आणि गाडीचा खर्च पगाराच्या दहा टक्क्यांत. तीस हजार पगाराला तो लावला तर महिन्याला तीन हजार निघतात आणि कर्ज निघतं सव्वा लाखाच्या आत. तेवढ्यात जी येईल ती आपली गाडी. कमी वाटतं ना? वाटू दे. गाडी बँकेच्या मंजुरीइतकी मोठी घ्यायची नसते.

राहिला गावाचा प्रश्न. गावाला मी दोष देत नाही. "गाडी कधी?" विचारणाऱ्या माणसाला खरं तर एवढंच बघायचं असतं की या पोराच्या शिक्षणावर घातलेला पैसा उगवला का. गाडी लांबून दिसते, म्हणून तो गाडीचं विचारतो. फिटलेलं कर्ज फाट्यावरून दिसत नाही, आईच्या विम्याची पॉलिसी कपाटात असते, आणि राजीनामा देण्याची हिंमत तर कुठेच दिसत नाही. पण उगवलेलं पीक तेच आहे. दिसत नाही म्हणून त्याच्या जागी शोभेचं रोप लावायचं, हे मला पटत नाही.

असो. लातूर आणि बार्शीच्या गाड्यांना माझ्या मनापासून शुभेच्छा, आता घेतल्यात तर जपून चालवा. तिसऱ्याला एवढंच: शिक्षणाच्या कर्जाचं स्टेटमेंट आधी काढ, किती राहिलंय ते बघ, आणि मग ये. चहा मी पाजतो.